चकवा

आमच्या झाडीपट्टीत चकवा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. माणूस नेहमीच्या वाटेने निघतो. वाट तीच, मोहाचे झाड तेच, नाल्याचे वळणही तेच. आणि तासाभराने पाहावे तो स्वारी पुन्हा त्याच मोहाखाली! कुणी म्हणतो भुलनवेलीवर पाय पडला असेल, कुणी आणखी काही म्हणतो. विज्ञानाचे विद्यार्थी हसतील. हसोत बिचारे! मीही हसत असे. परंतु मला स्वतःला चकवा लागला आणि माझे हसू ओसरले. तो रानात लागला नाही, अमावस्येच्या रात्रीही नाही. तो लागला पोंभुर्ण्याच्या भर बाजारात, माझ्या मामांच्या किराणा दुकानात, विजेच्या दिव्याखाली, संध्याकाळी सात वाजता.

माझे गाव पोंभुर्ण्यापासून थोडे आत आहे. बी. ए. च्या शिक्षणासाठी मी मामांकडे राहतो. सकाळी महाविद्यालय, संध्याकाळी दुकानाचा गल्ला, असा माझा दिनक्रम. दुकानात एक जुना संगणक आहे आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला वाय-फायचा डबा. तो ज्याने बसवला तो मुलगा दहा मिनिटांत काम उरकून दुसऱ्या गावी गेला. डब्याला पासवर्ड असतो आणि तो बदलायचा असतो, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मामांचे अक्षर सुरेख. परंतु संगणकापुढे बसले की त्यांची बोटे थिजतात. त्यामुळे बँकेचे, बिलाचे, अर्जाचे सारे काम माझ्याकडे. "आमचा भाचा कॉलेजात शिकतो," हे वाक्य ते गिऱ्हाइकाला तेल मोजून देता देता सांगत, आणि मी मनातल्या मनात दोन बोटे उंच होई.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मूलच्या एका व्यापाऱ्याला तांदळाचे पैसे पाठवायचे होते. मी बँकेचा पत्ता टाइप केला. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे सगळ्यांनी मला हाच प्रश्न विचारला: पत्ता नीट टाकला होता का? होय, नीट टाकला होता. एकेक अक्षर पाहून. कुणी पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवले नव्हते, लॉटरीच्या निरोपाला भुललो नव्हतो. वर्तमानपत्रात ज्या ज्या सूचना छापून येतात त्या सगळ्या मी पाळल्या होत्या.

पान उघडण्याआधी पडद्यावर एक इशारा आला. हे स्थळ आपली ओळख पटवू शकत नाही, पुढे जाणे धोक्याचे आहे, अशा अर्थाचा. खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' असे होते. वाचकहो, खरे सांगतो, मी तो इशारा वाचलासुद्धा नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, निकाल यांच्यासाठी आपण ज्या अनेक स्थळांच्या दारात ताटकळतो, त्यांतल्या काहींवर असा इशारा मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो, आणि 'तरीही पुढे जा' हे कळ दाबण्याचे काम माझ्या बोटाने माझ्या वतीने परस्पर शिकून घेतले होते. समोर गिऱ्हाईक साखर मागत होते. मी पुढे गेलो.

पान बँकेचेच होते. तेच चिन्ह, तोच निळा रंग, तीच 'आपला पासवर्ड कुणालाही सांगू नका' ही सूचना! मी नाव टाकले, पासवर्ड टाकला, मामांच्या मोबाइलवर आलेला आकडा टाकला. 'यंत्रणा व्यस्त आहे, एका तासाने प्रयत्न करा,' असे उत्तर आले. मी साखर तोलून दिली. त्या तासाभरात मामांच्या खात्यातून ३८,५०० रुपये गेले. खोट्या पानामागे बसलेला कुणी मी दिलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी खऱ्या बँकेच्या दारात वापरत होता. मी किल्ल्या एकेक करून त्याच्या हातात ठेवत होतो, एवढेच!

मामांच्या मोबाइलवर बँकेचा निरोप आला होता, पण तो त्यांनी पाहिला दुकान बंद केल्यावर, रात्री जेवताना. सकाळी आम्ही १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. रात्रीच नोंदवली असती तर अधिक बरे झाले असते, हे नंतर कळले. अशा प्रकरणात पैसा एका खात्यातून दुसऱ्यात धावत असतो आणि जेवढा वेळ जातो तेवढा तो लांब जातो. चौकशीत ज्याने त्याने मला एकच ऐकवले, "पत्त्यात एखादे अक्षर चुकले असेल." मला स्वतःलाच शंका येऊ लागली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी हवेत बोटाने बँकेचे नाव लिहून पाहत असे.

कोडे उलगडले ते आमच्याच महाविद्यालयातून शिकून गेलेल्या आणि आता चंद्रपूरला संगणक दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका दादामुळे. तो दुकानात आला, चहा घेतला, आणि संगणकाकडे न पाहता भिंतीवरच्या डब्याकडे पाहू लागला. मग त्याने संगणकावर त्या डब्याचे पान उघडले, कारखान्यातून येतो तोच पासवर्ड टाकला, आणि दार उघडले! ही किल्ली डबा बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत छापलेली असते. म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक. आत एके ठिकाणी आकड्यांच्या दोन ओळी होत्या. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे तुमचे आकडे नाहीत. हा कुणी परका आहे."

त्याने मला जे समजावले ते सांगायचे तर टेलिफोनची एक जुनी हकीकत सांगावी लागेल. आमच्या गुरुजनांपैकी ज्यांनी ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिली आहे, त्यांना ती अधिक पटेल. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ होता. अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा त्याचा धंदा. असे सांगतात की, त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. लोक फोन उचलून स्ट्राउजरचे नाव घेत आणि ही बाई जोडून देई आपल्या नवऱ्याला! ग्राहकाची काहीच चूक नाही. नाव बरोबर, फोन बरोबर. मधल्या माणसाने तार दुसरीकडे खोचली. स्ट्राउजर इतका चिडला की त्याने माणसाशिवाय चालणारे एक्स्चेंजच शोधून काढले. त्याचे पेटंट १८९१ सालचे आहे. धंदा बुडत असलेल्या माणसाच्या संतापातून जगाला आपोआप लागणारा फोन मिळाला.

इंटरनेटवरही असाच एक मधला माणूस आहे, फक्त तो दिसत नाही. आपण नावे लिहितो, कारण माणसाला नावे लक्षात राहतात. यंत्रांना आकडे लागतात. आरंभी, संगणक मोजके होते तेव्हा, सगळ्यांची नावे आणि आकडे यांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवीन संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचे, ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करावी तसे. यादी फुगत गेली, आणि १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी ती जगभर वाटून देणारी रचना आखली. तिला डोमेन नेम सिस्टीम, थोडक्यात डीएनएस, म्हणतात. आपण पत्ता लिहिला की आपला संगणक आधी एका ठरलेल्या उत्तर देणाऱ्याला विचारतो, "या नावाचा आकडा काय?" तो सांगेल त्या आकड्याकडे संगणक जातो. विचारायचे कुणाला, हे बहुधा घरातला तो टांगलेला डबा सांगतो. आणि आमच्या डब्यात तेच बदलले होते. मी बँकेचे नाव शुद्ध लिहिले. माझ्या संगणकाने ते एका लबाडाला विचारले. लबाडाने आपल्या घराचा रस्ता दाखवला. पडद्याच्या वरच्या पट्टीत नाव मात्र बँकेचेच राहिले. वाट तीच, मोह तोच!

डब्यात तो शिरला कसा? दादाने संगणक तपासला आणि विचारले, "इथे फॉन्ट बदलायचा कार्यक्रम कुणी उतरवला?" माझा चेहरा उतरला. आदल्या वर्षीच्या या वार्षिकांकासाठी मित्रांचे लेख टाइप करण्याचे काम मी हौसेने घेतले होते. काही लेख जुन्या फॉन्टमध्ये, काही युनिकोडमध्ये; त्यांचा मेळ बसेना. तेव्हा कुठल्याशा फुकट स्थळावरून फॉन्ट बदलणारा एक कार्यक्रम मी उतरवून घेतला होता. कार्यक्रम काही चालला नाही. निदान मला तसे वाटले होते! दादाच्या मते बहुधा त्यानेच आतून डब्याचे दार ठोठावले आणि छापील किल्लीने उघडले. त्यानंतर पंधरा दिवस दुकानात येणाऱ्यांच्या मोबाइलवरही जुगाराच्या जाहिराती उगवत होत्या, पाने भलतीकडे जात होती. आम्ही म्हणत होतो, पावसाने नेटवर्क बिघडले. आमच्याकडे पावसावर काय वाटेल ते ढकलता येते.

ही युक्ती नवी नाही, हे मी मागाहून वाचले आणि थोडा धीर आला. इस्टोनिया नावाच्या छोट्या देशात टार्टू या गावी एका टोळीने 'डीएनएस-चेंजर' नावाच्या अशाच कार्यक्रमाचा धंदा मांडला होता. २००७ पासून तो सुरू होता. चित्रफीत पाहायची असेल तर हे आधी उतरवा, अशा आमिषाने तो संगणकात शिरे आणि विचारण्याचे आकडे बदलून टाकी. काही प्रकार तर घरातल्या डब्यांवर सर्वांना ठाऊक असलेले पासवर्ड वापरून पाहत. शंभरावर देशांत सुमारे ४० लाख संगणक त्याच्या जाळ्यात सापडले. टोळीला बँका लुटण्यापेक्षा जाहिरातीत रस होता. माणसे भलत्या दुकानात नेऊन सोडायची आणि दलाली घ्यायची, अगदी त्या टेलिफोनवाल्या बाईसारखी! त्यातून त्यांनी निदान १ कोटी ४० लाख डॉलर मिळवले. शिवाय हा कार्यक्रम व्हायरस मारणाऱ्या कार्यक्रमांची नवी आवृत्तीही येऊ देत नसे. चोराने आधी कुत्र्याला बांधले.

नोव्हेंबर २०११ मध्ये टोळीतले सहा जण इस्टोनियात पकडले गेले. आता पुढची गंमत पाहा. चोरांची उत्तर देणारी यंत्रे जप्त झाली. पण ती बंद करावीत तर ज्यांचे संगणक बाधित होते त्या लाखो लोकांचे इंटरनेटच बंद पडणार, कारण ते बिचारे प्रत्येक नाव त्याच आकड्यांना विचारत होते. तेव्हा अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाने त्याच आकड्यांवर खरी उत्तरे देणारी यंत्रे बसवण्यात आली आणि इंटरनेट सिस्टीम्स कन्सॉर्शियम या संस्थेने ती चालवली. चोराच्या खुर्चीत प्रामाणिक माणूस बसवला, आणि लोकांना सांगितले, बाबांनो, तोवर आपापले आकडे दुरुस्त करून घ्या. मुदत होती ८ मार्च २०१२. लोक सुधारेनात, म्हणून ती ९ जुलैपर्यंत वाढवली. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीही तीन लाखांवर संगणक तसेच होते, आणि त्यांत आपल्या देशातले वीस हजारांहून अधिक! ही आकडेवारी मी दोनदा वाचली. बातम्या छापून आल्या, सूचना निघाल्या, आणि वीस हजार घरांत माझ्यासारखाच कुणीतरी पडद्याकडे न पाहता साखर तोलत होता.

दुसरे उदाहरण घरचेच म्हणायचे, पुण्याचे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो प्रकार डीएनएसचा नव्हता. पण जात तीच. एटीएम यंत्र पैसे देण्याआधी बँकेच्या यंत्रणेला विचारते, "देऊ का?" चोरांच्या कार्यक्रमाने मध्ये आपलाच एक खोटा 'हो' म्हणणारा उभा केला. २८ देशांतल्या यंत्रांनी विचारले आणि त्याने प्रत्येकाला "दे" म्हटले. शंभर वर्षांहून जुनी बँक ती; तिच्याही प्रश्नाचे उत्तर मधल्यामध्ये पळवले गेले. हे वाचून मामांना मी म्हटले, "पाहा, एवढ्या मोठ्यांनाही चकवा लागतो." मामा म्हणाले, "त्यांचे ९४ कोटी आणि आपले साडेअडतीस हजार, त्यात आपलेच जास्त आहेत बाबू." मी गप्प बसलो.

परंतु माझ्या मनात घर करून बसला तो त्या संध्याकाळचा इशारा. लबाडाला बँकेचा चेहरा उतरवता येतो, रंग उतरवता येतो. पण खऱ्या बँकेच्या नावाचे जे प्रमाणपत्र तिच्या यंत्रात असते, त्याची नक्कल त्याच्याजवळ नसते. म्हणून माझ्या ब्राउझरने मला अडवले होते. सगळी व्यवस्था फितूर झाली होती, डबा, संगणक, आकडे. तो एकटा प्रामाणिक राहिला, आणि मी त्याला बाजूला सारले. (कुलूप दिसले म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ब्राझीलमध्ये चोरांनी एका बँकेच्या नावांच्या नोंदीच ताब्यात घेतल्या आणि त्या जोरावर खरे प्रमाणपत्रही मिळवले. तिथे ग्राहकाला काही कळायला वावच नव्हता. माझ्या बाबतीत मात्र तो होता.)

दादाने मग दुरुस्ती केली. संगणक पुसून नव्याने भरला, कारण रोगी आत असताना आकडे बदलून उपयोग नाही, तो पुन्हा बदलतो. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची २०१७ पासून फुकट मिळणारी साफसफाईची साधने आहेत, तीही त्याने दाखवली. डब्याच्या पाठीवरच्या बारीक भोकात टाचणी घालून त्याने तो मूळ स्थितीत आणला, लगेच नवा पासवर्ड घातला, डब्यातला कार्यक्रम अद्ययावत केला, बाहेरून डबा चालवण्याची सोय बंद केली. विचारण्याचे आकडे त्याने स्वतः लिहिले, १.१.१.१, ८.८.८.८, ९.९.९.९ असे काही भरवशाचे, लक्षात राहण्याजोगे आकडे आहेत. मोबाइलमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सोय असते, ती चालू करून दिली. त्यामुळे मोबाइलचा प्रश्न बंद पाकिटातून जातो आणि मधल्या डब्याला तो उघडून वाचता येत नाही. बँकेचे काम परक्या वाय-फायवर न करता मोबाइलच्या आपल्या नेटवर्कवर करायचे, हेही त्याने बजावले. या सगळ्याला एक तास लागला. एवढ्यासाठी तो एक तास आम्हाला आधी मिळाला नव्हता!

त्या रात्री दुकानाच्या पायरीवर बसून मी रडलो, हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. "जाऊ दे बाबू," मामा म्हणाले, "पैसा गेला, तू त नाही गेला." मग त्यांनी आजोबांची गोष्ट काढली. आजोबा धानाची बंडी घेऊन रात्री जंगलातून मूलकडे निघत. एकदा चकवा लागला. दोनदा तेच झाड, तिसऱ्यांदा तेच झाड. बरोबरचा माणूस म्हणाला, हाका बैल जोरात, निघून जाऊ. आजोबांनी बैल सोडले, शेकोटी पेटवली, बिडी ओढली आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिले. सकाळी पाहतात तो वाट वीस पावलांवर होती. "चकव्यात चालत राहिलं की माणूस आणखी आत जाते," मामा म्हणाले.

परवा महाविद्यालयाच्या कार्यालयाजवळ आम्ही मित्र परीक्षेचा अर्ज भरत होतो. मुदतीचा शेवटचा दिवस. एकाच्या मोबाइलवर तोच इशारा आला. त्याचे बोट 'तरीही पुढे जा'कडे निघाले आणि मी त्याचा हात धरला. मागची मुले ओरडली. "अरे, नेहमीच येते ते!" कुणीतरी म्हणाले. आम्ही वाय-फाय बंद केले, मोबाइलचे नेटवर्क लावले, पान पुन्हा उघडले. इशारा पुन्हा आला! म्हणजे या वेळी चूक त्या स्थळाचीच, प्रमाणपत्राची मुदत उलटून गेलेली. मित्र माझ्याकडे असा पाहत होता की काही विचारू नका. अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन हाताने दिला आणि उशिराचे शुल्क भरले. अजून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

तक्रारीमुळे वाटेत अडवलेली थोडी रक्कम काही महिन्यांनी परत आली. मामांनी रोजकीर्द उघडली, चष्मा लावला आणि आपल्या सुरेख अक्षरात नोंद केली: चकव्याकडून जमा, रुपये ११,२००. मग थोडा वेळ विचार करून खाली लिहिले: बाकी येणे, रुपये २७,३००.